रिकाम्या वर्षांचा हिशेब : भूकंप, योगायोग आणि प्वासाँचे गणित (थ्रेड)

१/२४
मेक्सिकोच्या स्मरणात १९ सप्टेंबर ही साधी तारीख उरलेली नाही. १९८५ साली त्या दिवशी सकाळी झालेल्या ८.० तीव्रतेच्या भूकंपाने राजधानी उद्ध्वस्त केली आणि हजारो माणसे दगावली. २०१७ साली त्याच तारखेला, १९८५च्या स्मरणार्थ होणारी आपत्कालीन कवायत आटोपून दोन-एक तास झाले असताना, ७.१ तीव्रतेचा भूकंप आला. २०२२ साली पुन्हा तीच तारीख, पुन्हा तीच कवायत आणि तासाभराच्या आत पुन्हा मोठा भूकंप.

२/२४
कोणतेही तीन भूकंप घेतले, तर ते तिन्ही एकाच तारखेला येण्याची शक्यता सुमारे १ लाख ३३ हजारांत एक. हा आकडा ऐकला की, यामागे काहीतरी असणारच, असे कोणालाही वाटेल. पण हा हिशेब घटना घडून गेल्यावर, नेमके तेच तीन भूकंप निवडून केलेला आहे. २८ जुलै १९५७चा भूकंप, ज्यात राजधानीतील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा खाली आला, तो या यादीत नाही. ७ सप्टेंबर २०१७च्या रात्रीचा ८.२ तीव्रतेचा भूकंप तर वरच्या तिघांहून मोठा होता, तोही नाही. स्मृतीने जुळणारे वेचले आणि न जुळणारे सोडून दिले.

३/२४
इतिहासाच्या विद्यार्थ्याची खरी अडचण येथे सुरू होते. दोन घटनांमधला धागा शोधणे हेच त्याचे काम. एकाच दशकात तीन आपत्ती आल्या, की त्याची लेखणी ‘कारणे’ या उपशीर्षकाकडे वळते. परंतु ज्या घटनांमध्ये धागा नाहीच, त्या कालपटावर कशा दिसतील, हे त्याला क्वचितच शिकवले जाते. हे शिकवणारे एक जुने गणित आहे. त्याचा जन्म भूकंपाच्या अभ्यासात झालेला नाही. तो न्यायालयाच्या विचारात झाला आणि त्याला प्रसिद्धी घोड्यांच्या तबेल्यात मिळाली.

४/२४
सिमेओं-दनी प्वासाँ (आपल्या पाठ्यपुस्तकांतला ‘पॉयसन’) हा १७८१ साली फ्रान्समधील पितिव्हिए गावी जन्मला. घरच्यांना त्याला वैद्यकाकडे वळवायचे होते. हाताने बेढब असलेल्या या मुलाला ते जमले नाही. १७९८ साली तो पॅरिसच्या एकोल पोलितेक्निकमध्ये दाखल झाला आणि लाग्रांज व लाप्लास या दोन्ही दिग्गजांच्या नजरेत भरला. १८३७ साली, मृत्यूच्या तीन वर्षे आधी, त्याने एक ग्रंथ प्रसिद्ध केला. विषय होता फौजदारी व दिवाणी खटल्यांतील निर्णयांची संभाव्यता. ज्यूरीचा निवाडा कितपत विश्वासार्ह मानावा, हा त्याचा मुख्य प्रश्न होता.

५/२४
आज ज्याला ‘पॉयसन वितरण’ म्हणतात, ते सूत्र त्या ग्रंथात अगदी थोडी जागा व्यापते. त्याच्याशी समतुल्य विचार द म्वाव्र या गणितज्ञाने शतकभर आधी मांडला होता. नाव मात्र प्वासाँचे राहिले, आणि त्या नावालाही मान्यता मिळायला पुढची साठ वर्षे जावी लागली. ते काम केले लादिस्लाऊस फॉन बोर्टकिएविच याने. सेंट पीटर्सबर्ग येथे १८६८ साली जन्मलेला, पोलिश वंशाचा हा अर्थशास्त्रज्ञ पुढे बर्लिनमध्ये प्राध्यापक झाला. १८९८ साली त्याने ‘लहान संख्यांचा नियम’ या अर्थाच्या शीर्षकाची छोटी पुस्तिका काढली.

६/२४
त्या पुस्तिकेतील एक तक्ता आजही जगभर शिकवला जातो. प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ बसून दरवर्षी काही सैनिक मरत. १८७५ ते १८९४ या २० वर्षांची, १४ सैन्यदलांची (कोअरची) नोंद उपलब्ध होती. त्यांपैकी चार दलांची रचना इतरांहून वेगळी असल्याचे बोर्टकिएविचने स्वतःच नमूद केले. ती वगळली, तर १० दले गुणिले २० वर्षे, म्हणजे २०० ‘दल-वर्षे’ उरतात. त्यांत एकूण मृत्यू १२२. एका दल-वर्षाची सरासरी ०.६१.

७/२४
आता एकच गृहीत धरायचे : या मृत्यूंमध्ये परस्परसंबंध नाही, ते यदृच्छेने घडतात. मग केवळ ०.६१ या एका आकड्यावरून प्वासाँचे सूत्र सांगते की, २०० पैकी किती दल-वर्षांत किती मृत्यू दिसायला हवेत.

एकही मृत्यू नाही : प्रत्यक्ष १०९, गणिताने १०८.७
१ मृत्यू : प्रत्यक्ष ६५, गणिताने ६६.३
२ मृत्यू : प्रत्यक्ष २२, गणिताने २०.२
३ मृत्यू : प्रत्यक्ष ३, गणिताने ४.१
४ मृत्यू : प्रत्यक्ष १, गणिताने ०.६

८/२४
ही कृती अवघड नाही. पहिल्या ओळीसाठी e (२.७१८...) या संख्येचा उणे ०.६१ हा घात काढायचा, उत्तर ०.५४३. त्याला २०० ने गुणले की १०८.७. पुढची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवरून मिळते : सरासरीने गुणायचे आणि त्या ओळीच्या क्रमांकाने भागायचे. १०८.७ गुणिले ०.६१ भागिले १ म्हणजे ६६.३, ६६.३ गुणिले ०.६१ भागिले २ म्हणजे २०.२. कोणीही कागद-पेन्सिल घेऊन पडताळून पाहावे.

९/२४
ज्या दलात एका वर्षी चार सैनिक गेले, त्याची कल्पना करावी. तेथे चौकशी बसवावीशी वाटणे, तबेल्याच्या प्रमुखाला जबाबदार धरावेसे वाटणे, घोड्यांची जात बदलावीशी वाटणे स्वाभाविक होते. तक्ता शांतपणे सांगतो की, २०० दल-वर्षांत असे एखादे वर्ष कोणाच्याही दोषाविना येऊ शकते. याचा अर्थ दोष नव्हताच असा नाही. अर्थ इतकाच की, ‘चार’ हा आकडा एकटा दोषाचा पुरावा होऊ शकत नाही.

१०/२४
या तक्त्यात सर्वांत मोलाची ओळ मात्र पहिली आहे. १०९ वेळा काहीच घडले नाही, आणि प्रशियाच्या कारकुनांनी ते ‘काहीच नाही’सुद्धा लिहून ठेवले. इतिहासाच्या साधनांत हे दुर्मिळ. बखरकार दुष्काळाचे वर्ष लिहितो, पुराचे वर्ष लिहितो. ज्या वर्षी पाऊस वेळेवर आला आणि माणसे सुखाने जेवली, ते वर्ष तो लिहीत नाही. शून्यांची नोंद नसेल तर सरासरी काढता येत नाही, आणि सरासरी नसेल तर ‘यंदा फार झाले’ या वाक्याला अर्थ उरत नाही.

११/२४
हेच गणित पुढे लंडनच्या आकाशाखाली वापरले गेले. १९४४ साली जर्मनीचे व्ही-१ उडते बॉम्ब शहरावर पडत होते. ते काही भागांत झुंडीने पडतात, म्हणजे नेम धरून टाकले जातात, असा समज पसरला. आर. डी. क्लार्क या विमागणितज्ञाने १९४६ साली दक्षिण लंडनच्या ५७६ समान चौकोनांचा हिशेब प्रसिद्ध केला. एकूण बॉम्ब ५३७. एकही बॉम्ब न पडलेले चौकोन २२९ होते. प्वासाँच्या हिशेबाने ते सुमारे २२७ असायला हवे होते. झुंडी दिसत होत्या हे खरे. पण यदृच्छा अशीच दिसते. ती समान अंतर ठेवून पेरणी करत नाही.

१२/२४
आता भूकंपांकडे वळू. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या म्हणण्यानुसार, १९०० पासूनच्या नोंदी पाहता जगात वर्षाला ७.० वा त्याहून अधिक तीव्रतेचे सरासरी १६ भूकंप होतात. प्वासाँच्या वितरणाचा एक सुटसुटीत गुण असा की, चढउताराचा अंदाज सरासरीच्या वर्गमुळावरून मिळतो. १६ चे वर्गमूळ ४. त्याच्या दुप्पट अंतर दोन्ही बाजूंना धरले, तर बहुतेक वर्षे ८ ते २४ या पट्ट्यात पडायला हवीत; तीस-एक वर्षांतून एखादे वर्ष पट्ट्याबाहेर जाईल.

१३/२४
प्रत्यक्षात काय झाले? २०१० साली असे २३ भूकंप झाले आणि ‘पृथ्वी खवळली आहे’ असा सूर निघाला. ती संख्या पट्ट्याच्या आतच होती. उलट १९८८ साली ७ आणि १९८९ साली अवघे ६ भूकंप झाले. ही दोन वर्षे पट्ट्याबाहेरची, म्हणजे आकडेवारीच्या दृष्टीने २०१० पेक्षा अधिक विलक्षण. पण ‘पृथ्वी शांत का झाली?’ असा मथळा कोण छापणार? माणूस जास्तीची दखल घेतो. कमी झाल्याची घेत नाही.

१४/२४
शिवाय नोंदीचा इतिहास वेगळा आणि घटनेचा इतिहास वेगळा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर भूकंपमापन केंद्रांचे जाळे दाट झाले. पूर्वी जे लहान धक्के कोणाच्याही कागदावर आले नसते, ते येऊ लागले. यादी लांबली, भूकंप वाढले नाहीत. जुन्या काळातील एखाद्या शतकात ‘आपत्ती वाढल्या’ असे म्हणण्यापूर्वी त्या शतकात लिहिणारे हात वाढले होते काय, हे विद्यार्थ्याने आधी तपासावे.

१५/२४
अधिक गंभीर प्रश्न २०११ साली उभा राहिला. ९ वा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप कामचट्का (१९५२), चिली (१९६०) आणि अलास्का (१९६४) येथे झाले. त्यानंतर चाळीस वर्षे एकही नाही. मग २००४ साली सुमात्रा आणि २०११ साली जपानचा तोहोकू किनारा. मध्ये २०१० साली चिलीत ८.८. महाभूकंप एकमेकांना जागे करतात काय? अँड्र्यू मायकेल यांनी, तसेच पीटर शीअरर व फिलिप स्टार्क यांनी, स्वतंत्रपणे हे तपासले. पश्चात्कंप वगळल्यावर उरलेला क्रम यदृच्छेहून निराळा ठरवता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. मात्र शतकभरात अशा घटना इतक्या थोड्या की, नमुना लहान असल्याची मर्यादाही लक्षात ठेवावी लागते.

१६/२४
‘पश्चात्कंप वगळल्यावर’ हे शब्द कळीचे आहेत. प्वासाँच्या अटी दोन : घटना परस्परांपासून स्वतंत्र हव्यात आणि त्यांचा सरासरी वेग स्थिर हवा. मोठ्या भूकंपामागून येणारे धक्के त्याचीच संतती असतात. ते स्वतंत्र नव्हेत. १९७४ साली गार्डनर आणि नोपॉफ यांनी एक शोधनिबंध लिहिला. शीर्षकातच प्रश्न होता : पश्चात्कंप काढून टाकल्यावर दक्षिण कॅलिफोर्नियातील भूकंपांचा क्रम प्वासाँच्या नियमाप्रमाणे असतो काय? निबंधाचा सारांश एका शब्दाचा होता : ‘होय’. विज्ञानाच्या इतिहासातील सर्वांत लहान सारांशांत त्याची गणना होते.

१७/२४
पण येथेच भौतिकशास्त्र हरकत घेते. १९०६च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हॅरी फील्डिंग रीड यांनी मांडले की, भ्रंशाच्या दोन्ही बाजूंचे खडक हळूहळू ताण साठवतात आणि असह्य झाल्यावर एकदम मोकळा करतात. तसे असेल तर भूकंपानंतर काही काळ शांतता आणि मग वाढती शक्यता दिसायला हवी. प्वासाँच्या गणितात मात्र स्मृती नसते. काल भूकंप झाला असो की शंभर वर्षांत झाला नसो, उद्याची शक्यता तीच. दोघांपैकी खरे कोण?

१८/२४
याची परीक्षा कॅलिफोर्नियातील पार्कफील्ड या छोट्याशा वस्तीत झाली. तेथे सुमारे ६ तीव्रतेचे भूकंप १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ साली झाले होते. सरासरी अंतर सुमारे २२ वर्षे. म्हणजे पुढचा १९८८च्या आसपास. १९८५ साली अधिकृत भाकीत झाले की, १९९३ पूर्वी भूकंप होण्याची शक्यता ९५ टक्के. भ्रंशाभोवती उपकरणे बसवली गेली आणि शास्त्रज्ञ वाट पाहू लागले.

१९/२४
१९८८ गेले. १९९३ गेले. भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ रोजी, म्हणजे ३८ वर्षांच्या अंतराने. स्मृतिहीन प्वासाँला विचारले असते, तर त्याने १९८५ नंतरच्या आठ वर्षांसाठी ९५ नव्हे, सुमारे ३० टक्के शक्यता सांगितली असती. आणि ३८ वर्षे वाट पाहावी लागण्याची शक्यता सुमारे १८ टक्के. सहा तारखांतून दिसलेली लय कदाचित लय नव्हतीच. तरीही पार्कफील्ड वाया गेले नाही : भूकंप आला तेव्हा उपकरणे जागेवर होती आणि एवढ्या जवळून नोंदलेले भूकंप फार थोडे आहेत.

२०/२४
मग रीड चुकले काय? तसेही नाही. एकेका भ्रंशाला स्मृती असू शकते. पण शेकडो भ्रंश आपापल्या तालावर चालत असतील, तर सर्वांची एकत्र बेरीज स्मृतिहीन भासते. एका घरातल्या घड्याळाचे टोले नियमित असतात. शेकडो घरांतली चुकीच्या वेळा दाखवणारी घड्याळे एकत्र ऐकली, तर ताल सापडत नाही. म्हणून इमारतींचे नियम ठरवताना आजही प्वासाँचा आधार घेतात. ‘५० वर्षांत १० टक्के शक्यता’ आणि ‘४७५ वर्षांतून एकदा’ ही एकाच हिशेबाची दोन रूपे आहेत. ‘४७५ वर्षांतून एकदा’ म्हणजे आज झाला की पुढची ४७४ वर्षे निर्धास्त, असा अर्थ कदापि नाही.

२१/२४
महाराष्ट्राने या दोन्ही बाजू सोसल्या आहेत. किल्लारीचा परिसर भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र सरत असताना, तेथे हजारो माणसे घरांच्या दगडमातीखाली गेली. पुढे नकाशा बदलला आणि तो सर्वांत खालचा पट्टाच रद्द झाला. सरासरी अत्यल्प असणे आणि सरासरी शून्य असणे यांतले अंतर त्या पहाटे कळले. कागदावरच्या शून्यांवरून ‘कधीच नाही’ असे वाचणे ही गणिताची चूक. तिची किंमत मात्र गावांनी मोजली.

२२/२४
कोयनेची गोष्ट वेगळी. १९६२च्या सुमारास धरणात पाणी साठू लागल्यावर धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपात सुमारे दोनशे माणसे दगावली. त्यानंतरही ५ वा अधिक तीव्रतेचे वीसहून अधिक भूकंप तेथे झाले आहेत, आणि जलाशयाच्या पाणीपातळीतील चढउतारांशी त्यांचा संबंध अभ्यासकांनी दाखवला आहे. येथे वेग स्थिर नाही. प्वासाँची अटच मोडते. अशा मोडण्यातूनच खरे कारण हाती लागते. दख्खनच्या दुष्काळांचेही तसेच. १८७६-७८, १८९६-९७, १८९९-१९०० हे स्वतंत्र फासे नव्हते. एका दुष्काळात गुरे मेली, कोठारे रिती झाली, कर्ज वाढले, की दुसरा अधिक जीवघेणा होतो. दुष्काळाला स्मृती असते.

२३/२४
यदृच्छा ओळखण्याचा प्रश्न केवळ आकड्यांचा नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला. महात्मा गांधींनी त्याला अस्पृश्यतेच्या पापाचे प्रायश्चित्त म्हटले. अस्पृश्यतेच्या विरोधात त्यांच्यासोबत असूनही रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर हरकत घेतली, आणि गांधींनी ती ‘हरिजन’मध्ये छापून उत्तरही दिले. या वादात रिकाम्या वर्षांची साक्ष कोणी काढली असती, तर तिने एवढेच सांगितले असते की, अस्पृश्यता १९३३ सालीही होती, १९३२ सालीही होती, आणि त्या वर्षी जमीन हलली नव्हती. अन्याय अन्यायच होता. त्याच्याविरुद्ध उभे राहण्यासाठी भूकंपाची साक्ष लागत नव्हती. आणि ढिगाऱ्याखाली गेलेली लेकरे कोणाच्याही पापाचा पुरावा नव्हती.

२४/२४
आपत्तींची मालिका समोर आली की, इतिहासाच्या विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत. ज्या वर्षी काहीच घडले नाही, ती वर्षे मोजली गेली आहेत काय? सर्व काळात नोंद सारख्याच बारकाईने होत होती काय? आणि एक घटना दुसरीला जन्म देते काय, की दोन्ही आपापल्या वाटेने आल्या? तिन्हींची उत्तरे मिळाल्यावरही मालिका गणितात बसत नसेल, तर लेखणी जरूर ‘कारणे’ या उपशीर्षकाकडे न्यावी. तेव्हा तेथे लिहिण्याजोगे खरोखर काही असेल.

(थ्रेड समाप्त)